दांस माकाब्र (मनोरंजन उद्यानातील)

दांस माकाब्र : (मृत्युनृत्य). फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस (१८३५–१९२१) यांची वाद्यवृंदरचना, ओपस (रचनाक्रमांक) ४०, १८७४. मनोरंजन उद्यानांतील राईडना अभिजात संगीताची जोड देण्याच्या प्रथेत हिचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. नेदरलँड्समधील कात्सहूवेल येथील एफ्टेलिंग उद्यानातला ‘स्पोकस्लॉट’ (भुतांचा वाडा) १९७८ ते २०२२ या काळात याच रचनेवर चालला. त्याच्या जागी २०२४ मध्ये उभ्या राहिलेल्या राईडला तर रचनेचेच नाव मिळाले.

‘माकाब्र’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तो प्रथम फ्रेंच कवी झां ल फेव्र यांच्या १३७६ च्या कवितेत ‘माकाब्रे’ असा, अखेरचा ‘ए’ उच्चारून, आढळतो. पॅरिसच्या ‘पवित्र बालकां’च्या दफनभूमीतील भिंतीवर सुमारे १४२४–२५ मध्ये मृत्युनृत्याची, म्हणजे मृत्यू लहानथोर सर्वांना नाचवत नेतो अशी, चित्रमालिका रंगवली गेली आणि ही कल्पना युरोपभर पसरली, ती भिंत १६६९ मध्ये पाडण्यात आली. एका मताप्रमाणे हा शब्द अरबी ‘मकाबिर’ म्हणजे कबरी यावरून आला. मराठीतील ‘कबर’ आणि ‘मकबरा’ हे शब्द त्याच धातूचे असल्याने आपल्या वाचकाला हे मत चटकन पटते. पण तो शब्द अरबीतून चौदाव्या शतकातील फ्रेंचमध्ये नेमका कोणत्या वाटेने आला, याचा दुवा हाती येत नाही. दुसरे मत त्याचा संबंध बायबलमधील मकाबी वीरांशी जोडते. पंधराव्या शतकातील लॅटिन लेखात ‘मकाबींचे नृत्य’ असा प्रयोग मिळतो आणि जुन्या डचमध्येही ‘मक्काबेउसदान्स’ असे रूप आहे. ही साक्ष समकालीन असल्याने हे मत तुलनेने सबळ ठरते. ‘माकाब्र’ हे मूळ एखाद्या चित्रकाराचे किंवा कवीचे आडनाव असावे, असेही सुचवले गेले आहे.

सँ-साँस यांनी फ्रेंच कवी आंरी काझालिस यांच्या कवितेवर प्रथम १८७२ मध्ये गायन व पियानोसाठी गीत रचले. १८७४ मध्ये त्याचा विस्तार करताना गायकाच्या जागी एकल व्हायोलिन आले. पहिला प्रयोग पॅरिसमध्ये २४ जानेवारी १८७५ रोजी झाला. स्वागत थंडच होते. प्रारंभी हार्प या तंतुवाद्यावर एकच स्वर बारा वेळा वाजतो, म्हणजे मध्यरात्रीचे टोले पडतात. मग मृत्यू व्हायोलिन हाती घेतो. या व्हायोलिनची सर्वांत वरची तार अर्ध्या स्वराने उतरवलेली असते, त्यामुळे शेजारच्या दोन मोकळ्या तारांमध्ये शुद्ध पंचमाऐवजी सा ते तीव्र म एवढे अंतर पडते आणि तोच कर्कश जोडस्वर पुन्हापुन्हा घासला जातो. या अंतरावर मध्ययुगात चर्चची बंदी होती असे सर्रास सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. झायलोफोन (लाकडी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचे वाद्य) हाडांचा खडखडाट करतो. मृतांसाठीच्या प्रार्थनेतील ‘दिएस इरे’ ही प्राचीन चाल मध्येच वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्याच्या लयीत ऐकू येते. शेवटी ओबो या फुंकवाद्यावर कोंबडा आरवतो आणि सांगाडे थडग्यांत परततात. वाद्यवृंदात झायलोफोन प्रथम इथेच आला, हे विधान मात्र जपून घ्यावे.

टॉन फान द व्हेन यांनी योजलेला स्पोकस्लॉट १० मे १९७८ रोजी खुला झाला. काटेकोरपणे पाहता ती राईड नव्हती. प्रेक्षक अंधाऱ्या मार्गातून चालत जाऊन एका दालनात उभे राहत आणि समोरच्या दफनभूमीत वादकाविना वाजणारे व्हायोलिन व इतर भुताटकी पाहत. हीच रचना का निवडली, याचे सोपे उत्तर पैशाचे आहे. सँ-साँस यांच्या निधनाला तेव्हा ५० वर्षे उलटून गेली होती आणि तत्कालीन डच कायद्यानुसार रचना हक्कमुक्त होती. पण रचना मोफत असली तरी तिचे ध्वनिमुद्रण मोफत नसते, आणि हक्कमुक्त संगीताचा तर डोंगर पडलेला आहे. त्यामुळे रचनेची घडण हेच कारण अधिक पटते. तिला मध्यरात्र ते पहाट असे स्वतःचे घड्याळ आहे, तिची लांबी सुमारे सात मिनिटे आहे आणि कुठल्या क्षणी काय हलावे हे स्वरलिपीतच जवळपास लिहिलेले आहे. यंत्र बसवणाऱ्याला आणखी काय हवे?

सप्टेंबर २०२२ मध्ये वाडा बंद झाला. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘दांस माकाब्र’मध्ये १०८ जण चर्चच्या गायकवृंदासारख्या बाकांवर बसतात. सुमारे १८ मीटर व्यासाची फिरती, कलती तबकडी आणि तिच्यावरील सहा लहान तबकड्या त्याच रचनेच्या नव्या मांडणीवर हलतात. इथे संगीत पार्श्वभूमीला नाही. आसनांची हालचाल त्याच्या मागून येते.

अशी जोडणी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील जत्रांत लाकडी घोड्यांच्या चक्रांजवळचे यांत्रिक ऑर्गन ऑपेरांची प्रास्ताविके वाजवत. गाविओली कंपनीने साधारण १८९२ पासून त्यांसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या घडीपुस्तकांचा वापर रूढ केला. धावत्या गाडीत संगीत जुळवणे त्याहून अवघड, कारण प्रवाशांच्या वजनाने आणि हवामानाने गाडीचा वेग बदलतो. पॅरिसच्या डिस्ने उद्यानातील ‘स्पेस माउंटन’मध्ये १९९५ मध्ये गाडीतच ध्वनी बसवून तो रुळांवरील स्थानाशी जुळवण्यात आला, तिथले संगीत मात्र मुद्दाम नव्याने रचलेले होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या ‘स्पेस माउंटन’ने पुन्हा सँ-साँस यांच्याकडे धाव घेतली. त्यांच्या ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ (१८८६) मधील ‘मत्स्यालय’ या तरल तुकड्यावर अमेरिकन गिटारवादक डिक डेल यांची इलेक्ट्रिक गिटार चढवली गेली. त्या संचातील ‘हंस’ वगळता बाकीचे तुकडे आपल्या हयातीत प्रकाशित होऊ नयेत असा संगीतकाराचा आग्रह होता, कारण गंभीर कीर्तीला बट्टा लागेल ही भीती; ते १९२२ मध्ये छापले गेले. कॅलिफोर्नियाच्या राईडमध्ये हे संगीत २००३ पर्यंत चालले. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स उद्यानाने नॉर्वेजियन संगीतकार ग्रिग यांच्या ‘पर्वतराजाच्या दरबारात’ (१८७६) या लय चढवत नेणाऱ्या तुकड्याला आपली ओळखधून केले आहे. गंमत अशी की ‘कार्निव्हल’मधील ‘जीवाश्म’ या तुकड्यात सँ-साँस यांनी ‘दांस माकाब्र’ची चाल झायलोफोनवर पुन्हा वाजवून स्वतःचीच थट्टा केली आहे.