पत्रा जाड म्हणजे बस मजबूत?

‘जुन्या बसचा पत्रा जाड होता, आताच्या म्हणजे नुसती डबडी,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पण बस उलटली की भार पेलतो आतला सांगाडा: बाजूचे खांब, छताच्या कमानी, त्यांचे जोड. पत्रा हे मुख्यतः आवरण. म्हणूनच एआयएस-०३१ या बसच्या सांगाड्याच्या मजबुतीसाठीच्या भारतीय मानकाच्या चाचणीत बस ८०० मिलीमीटर उंचीवरून कुशीवर उलटवतात आणि सांगाडा प्रवाशांच्या जागेत घुसतो का, ते पाहतात.

शिवाय अनेकदा चॅसी (इंजिन-चाकांसह खालचा पाया) एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याची. पुढच्या जाळीवरचं नाव वाचून बांधणीला बोल लावणं अन्यायाचंच.

तपासायचंय? पत्रा ठोकू नका. पायरीजवळ, चाकाच्या कमानीमागे वाकून बघा. खांबाच्या बुडाशी रंग फुगलाय, गंजाचे पापुद्रे सुटताहेत? मग पत्रा कितीही जाड असो, ती बस आधी दुरुस्तीला जायला हवी.