गाण्याची फाइल आणि सॅम्पलचा पत्ता

महिन्याभराने गाणं उघडावं आणि ढोलकीच्या ट्रॅकवर आवाजाऐवजी 'फाइल सापडत नाही' एवढंच दिसावं, हे संगणकावर संगीत करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी सोसलेलं असतं. कारण साधं आहे: गाण्याच्या फाइलीत आवाज नसतोच, फक्त त्याचा पत्ता असतो.

टेपच्या काळात हा प्रश्न नव्हता. आवाज टेपवरच असायचा आणि कितवा टेक ते डब्यावर लिहिलेलं असायचं. कॉपी काढली की खरखर वाढायची, म्हणून आवृत्त्या मोजक्याच निघत.

पत्त्याची भानगड 1987 मध्ये 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट दिसते. कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरने ते कमोडोर अमिगा या घरगुती संगणकासाठी लिहिलं. चार चॅनल, 15 सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज. अमिगाच्या फ्लॉपीत मावायचे जेमतेम 880 किलोबाइट, म्हणून सॅम्पल वेगळ्या डिस्कवर ठेवले. डिस्कचं नाव 'एसटी-01'. गाण्याच्या फाइलीत स्वर आणि सॅम्पलची नावं, बस्स. गाणं उघडलं की अमिगा ती डिस्क मागायचा. एका डिस्कवर कितीतरी गाणी निभावत. पण स्वतःचा आवाज वापरून केलेलं गाणं मित्राला दिलं आणि डिस्क द्यायची राहिली, तर त्याच्याकडे ते मुकंच.

त्यावर तोडगा निघाला 'मॉड्यूल'चा: स्वर आणि सॅम्पल एकाच फाइलीत. तोच ड्रम प्रत्येक फाइलीत पुन्हा साठवला जाई, जागा वाया जाई. तरी मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण ती मॉड्यूल आजही जशीच्या तशी वाजतात. अनेकांत सॅम्पलच्या नावाआधी 'एसटी-01:' अजून लिहिलेलं सापडतं. डिस्कची गरज संपली, पत्ता मात्र राहिला.

1991 मध्ये प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं. त्याची सेशन फाइल पुन्हा पत्त्यांचीच. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये. मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता काटछाट होऊ लागली. 'सेव्ह अ‍ॅज' केलं की छोटीशी नवी फाइल, म्हणजे नवी आवृत्ती जवळपास फुकट. पण सगळ्या आवृत्त्या एकाच आवाजावर उभ्या. मी एकदा ढोलकीच्या लूपच्या सुरुवातीची शांतता वेव्ह एडिटरमध्ये कापून त्याच नावाने सेव्ह केली. नव्या आवृत्तीत ठेका चपखल बसला. जुन्या तीन उघडल्या, तर प्रत्येकीत ढोलकी गाण्याच्या पुढे पळत होती.

एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमधलं 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' म्हणजे एका अर्थाने मॉड्यूलचीच कल्पना: विखुरलेले सॅम्पल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गोळा करायचे. पाठवण्याआधी ते करावंच. रीपर या तशाच सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल तर साधा मजकूर आहे. दोन आवृत्त्यांत कुठली ओळ बदलली ते वाचून कळतं.

लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये प्रोग्रामरांसाठी आवृत्त्या सांभाळणारं गिट लिहिलं. मोठ्या ऑडिओ फाइलींसाठी ते अवजड पडतं, पण त्यातली एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. गिट फाइलीची ओळख नावावरून नाही, आतल्या मजकुरावरून ठरवतं. तोच ड्रम पाच आवृत्त्यांत असेल तर एकदाच साठवला जातो. आत कणभर बदल झाला की तो वेगळा ठरतो. माझ्या तीन आवृत्त्या तशा साठवलेल्या असत्या, तर कापलेली ढोलकी जुनीच्या शेजारी जाऊन बसली असती, तिच्या जागी नव्हे.