प्रेअरी शैली

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात साधारणपणे १९०० ते १९१५ या काळात बहरलेली, बसक्या व आडव्या विस्ताराच्या घरांची वास्तुशैली. तिचे केंद्र शिकागो व त्याचे ओक पार्क हे उपनगर. प्रमुख प्रवर्तक फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९). नाव तेथील सपाट गवताळ मैदानांवरून पडले असले, तरी यांतील बरीच घरे उपनगरांतल्या झाडीच्या रस्त्यांवरच उभी आहेत. ‘प्रेअरी स्कूल’ ही संज्ञा रूढ झाली ती नंतर, मुख्यतः इतिहासकार एच. ॲलन ब्रुक्स यांच्या लेखनामुळे.

शैलीच्या आरंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक शिकागोजवळच्या रिव्हर फॉरेस्ट येथील, राइट यांच्याच विन्स्लो गृहापासून (१८९३–९४) तिचा आरंभ धरतात. तेथे रुंद वळचणी व चार पाख्यांचे उतरते छप्पर आहे खरे. पण दर्शनी बाजू काटेकोर सममित आहे. लेडीज होम जर्नल या मासिकात १९०१ साली छापलेला राइट यांचा घराचा आराखडा आणि हायलंड पार्क येथील विलिट्स गृह यांपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जपानी प्रभावाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जपानने ‘हो-ओ-देन’ हा मंडप उभारला होता. त्यातील सलग छपरे व सरकते पडदे यांतून खुल्या आराखड्याची कल्पना सुचली, असे एक मत आहे. राइट जपानी मुद्राचित्रांचे (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचे) ऋण मोकळेपणी मानत; वास्तुकलेचे मात्र नाकारत. ते जपानला प्रथम गेले १९०५ साली, म्हणजे विलिट्स गृहानंतर. त्यामुळे प्रवासातून शैली जन्मली असे म्हणता येत नाही. प्रदर्शनातील मंडपाचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीचे जनक फ्रबेल यांच्या लाकडी ठोकळ्यांशी बालपणी खेळल्याने आकारांची जाण आली, हे राइट यांनी स्वतःच उतारवयात सांगितले आहे. ते बेतानेच घ्यावे. राइट यांचे गुरू, शिकागोचे वास्तुशिल्पी लुई सलिव्हन यांचा वाटा वादातीत असला, तरी तो घराच्या आराखड्यापेक्षा विचारसरणीत अधिक दिसतो.

घराच्या मध्यभागी शेकोटी व तिचे भक्कम धुराडे. त्याभोवती खोल्या भिंतींनी न तोडता एकमेकींत मिसळतात. जोते ठळक, तळघर व माळा शक्यतो टाळलेला, खिडक्या सलग पट्टीत. शिकागोतील रोबी गृहात (१९०८–१०) लांबट, पातळ विटांच्या आडव्या दरजा खोल ठेवल्या आहेत, तर उभ्या दरजा विटेच्याच रंगाच्या मसाल्याने भरल्या आहेत. त्यामुळे भिंतीवर नजर आडवीच सरकते. छपराचे दूरवर झेपावणारे टोक पोलादी तुळयांवर पेललेले आहे. लाकडात ते जमले नसते. ही सारी मांडणी ‘निसर्गाशी एकरूप’ म्हणून गौरवली जाते, पण तिचा आधार पोलाद आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

मॅरियन माहोनी, वॉल्टर बर्ली ग्रिफिन, जॉर्ज मेहर, पर्सेल व एल्मस्ली हे या परंपरेतील इतर वास्तुशिल्पी. ग्रिफिन यांनी ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराचा आराखडा केला. १९३५ मध्ये ते लखनौला आले व १९३७ मध्ये तेथेच वारले.

राइट १९०९ मध्ये यूरोपला गेले. बर्लिनच्या वास्मुथ प्रकाशनाने त्यांच्या आराखड्यांचा संग्रह काढल्यावर (१९१०–११) तेथील तरुण वास्तुशिल्पींचे या कामाकडे लक्ष वेधले. अमेरिकेत मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्राहक जुन्या वसाहतकालीन धाटणीच्या घरांकडे वळले. रोबी गृहाचा २०१९ मध्ये राइट यांच्या इतर सात वास्तूंसह यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.