मांजरांची व्यावसायिक निगा (ग्रूमिंग)

पाळीव मांजराचे केस विंचरणे, त्यांतील गुंता सोडवणे, नखे कापणे, डोळे व कान पुसणे, गरज असल्यास आंघोळ घालून अंग वाळवणे आणि केस कातरणे ही कामे प्रशिक्षित व्यक्तीने मोबदला घेऊन करणे, यास मांजरांची व्यावसायिक निगा म्हणतात. मराठी बोलण्यात यासाठी ‘ग्रूमिंग’ हाच शब्द रूढ झाला असून हे काम करणाऱ्यास ‘ग्रूमर’ म्हणतात. ग्रूमिंग म्हणजे आंघोळ, असा सर्वसाधारण समज आहे. कुत्र्याच्या बाबतीत तो काही अंशी खरा असला, तरी मांजराच्या बाबतीत आंघोळ हा या कामाचा लहान आणि पुष्कळदा अनावश्यक भाग असतो. ग्रूमरचे कसब लागते ते विंचरण्यात, वाळवण्यात आणि हात कधी आवरता घ्यायचा हे ओळखण्यात.

मांजर आपली स्वच्छता जिभेने करते. तिच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले शेकडो बारीक काटे असतात आणि ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की या काट्यांची टोके भरीव नसून पन्हळीसारखी पोकळ असतात; ती तोंडातील लाळ आपोआप ओढून घेतात आणि केसांच्या थरातून थेट त्वचेपर्यंत नेऊन सोडतात. त्यामुळे मळ निघतोच, शिवाय लाळेच्या बाष्पीभवनाने अंगही थंड राहते. जिभेच्या दाबाखाली केसांचा थर किती दबतो, याचेही गणित त्यांनी मांडले. बहुतेक मांजरांमध्ये दबलेल्या थराची जाडी काट्याच्या उंचीपेक्षा कमी भरते, म्हणजे काटा त्वचेला टेकतो; लांब व दाट केसांच्या पर्शियन मांजरात मात्र तो टेकत नाही. माणसाने निवड पद्धतीने पैदास करून केस वाढवले, पण जीभ होती तेवढीच राहिली. या काही मिलिमीटरांच्या तुटीवरच ग्रूमरचा धंदा उभा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

यावरून कोणत्या मांजराला ही सेवा लागते, हे उघड होते. आखूड केसांच्या निरोगी देशी मांजराला एरवी आंघोळीची गरज नसते. अंगावर तेल, रंग किंवा रसायन सांडले, विष्ठा चिकटली अथवा पशुवैद्यकाने औषधी शॅम्पू सांगितला, तरच तिला पाण्यात घ्यावे. इतर वेळी आठवड्यातून एकदा कंगवा फिरवणे पुरेसे होते. पर्शियन मांजराला रोज किंवा एक दिवसाआड विंचरावे लागते. काखा, पोट, मांड्यांची आतली बाजू आणि कानांमागील भाग येथे केसांचे घर्षण अधिक होत असल्याने गुंता तेथूनच सुरू होतो. केसविरहित भासणाऱ्या स्फिंक्स जातीला आंघोळ सर्वांत जास्त लागते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण त्वचेतील तेल शोषून पसरवायला केसच नसल्यामुळे ते अंगावर साचून चिकट थर बनते आणि साधारण आठवड्याला धुवावे लागते. उलट, मुंबईचे नाव लावणारी पण प्रत्यक्षात अमेरिकेतील केंटकी राज्यात तयार केलेली ‘बॉम्बे’ ही काळीभोर जात इतक्या आखूड व तुकतुकीत केसांची आहे, की तिला ग्रूमरकडे जाण्याचे सहसा कारणच पडत नाही.

जातीशिवाय वय आणि वजनही विचारात घ्यावे लागते. सांधे दुखू लागलेल्या म्हाताऱ्या मांजराला मान वळवून पाठ चाटता येत नाही, तर लठ्ठ मांजराची जीभ कमरेपर्यंत पोहोचत नाही. अशांच्या पाठीच्या खालच्या भागात केसांच्या चपट्या गाठी बनतात. मात्र एरवी टापटीप असलेल्या मांजराने अचानक चाटणे सोडले, किंवा उलट एकाच जागी चाटून टक्कल पाडले, तर ते दातांचे, मूत्रपिंडाचे, त्वचेचे किंवा अन्य आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी आधी पशुवैद्यक आणि मग ग्रूमर, हा क्रम उलटवू नये.

इतिहास : लांब केसांच्या मांजरांचे कौतुक युरोपात सतराव्या शतकापासून वाढत गेले. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२० च्या सुमारास इराणातील खोरासानच्या रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन लिहून त्यांच्या जोड्या मायदेशी नेण्याचा मनोदय व्यक्त केला होता. हाच प्रवासी पुढे १६२३ मध्ये गोव्यात आला होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वेअर यांनी भरवलेल्या प्रदर्शनापासून मांजरांच्या संघटित प्रदर्शनांची परंपरा सुरू झाली असे मानतात, आणि केसांची तयारी हे एक वेगळे तंत्र होत गेले ते या प्रदर्शनांमुळेच. तेल काढणारा लेप, मग शॅम्पू, मग कंडिशनर आणि प्रत्येक केस सुटा होईपर्यंत वाळवणे, हा आजचा क्रम मुळात प्रदर्शनवाल्यांचा आहे. पेठेतील दुकानांत मात्र मांजर दीर्घकाळ कुत्र्यांच्या ग्रूमरकडे ‘जाता जाता’ उरकले जाई. केवळ मांजरांसाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र देणारी ‘नॅशनल कॅट ग्रूमर्स इन्स्टिट्यूट’ ही संस्था अमेरिकेत २००७ मध्ये निघाली. मांजराला हाताळावे कसे, याविषयी पशुवैद्यकांच्या दोन संघटनांनी २०११ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वेही ग्रूमरांना तितकीच उपयोगी ठरली.

कामाची पद्धत : जाणकार ग्रूमर मांजराला पेटीतून ओढून काढत नाही, पेटीचे झाकण उघडून तिला आतच थोडा वेळ बसू देतो. तेवढ्या वेळात तो मालकाकडून लसीकरण, वय, जुने आजार आणि पूर्वी आंघोळीच्या वेळी ती कशी वागली होती, याची चौकशी करतो. खोलीत कुत्र्याचे भुंकणे ऐकू येऊ नये, खिडक्या-दारे बंद असावीत आणि टेबलावर पाय घसरणार नाहीत असा रबरी पट्टा असावा. बोचकारणाऱ्या मांजराला टॉवेलात गुंडाळून एकेक पाय बाहेर काढणे ही रुळलेली युक्ती आहे. मानगूट धरून उचलण्याची जुनी सवय मात्र आता त्याज्य मानली जाते. ‘मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत’ ही म्हण खरी असली, तरी ती आई आणि चार-सहा आठवड्यांचे पिल्लू यांच्यापुरतीच. पाच किलोच्या बोक्याला माणसाने तसे उचलले, तर त्याला वेदना होतात आणि भीती वाढते.

पहिले काम नखांचे, कारण पुढच्या सगळ्या कामांत ग्रूमरची कातडी त्यावर अवलंबून असते. मांजराला पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी एकूण १८ नखे असतात. पंजाची गादी हलकेच दाबून नख बाहेर काढायचे आणि आतील गुलाबी रक्तवाहिनी सोडून केवळ पुढचे अणकुचीदार टोक कापायचे असते. म्हाताऱ्या मांजराचे नख जाड होऊन वळते व कधी गादीत रुतलेले आढळते, म्हणून पुढच्या पायाचे अंगठ्याचे नख विसरून चालत नाही. नख कापणे आणि नख काढून टाकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात बोटाचे शेवटचे पेर हाडासकट छाटले जाते, आणि अनेक देशांत त्यावर बंदी आहे.

त्यानंतर विंचरणे. रुंद दात्यांच्या स्टीलच्या कंगव्याने सुरुवात करून बारीक दात्यांपर्यंत जातात. बाकदार तारांचा स्लिकर ब्रश सैल झालेले आतले केस काढतो, पण जोर दिल्यास त्वचेवर ओरखडे उठतात. गाठ सुटण्यासारखी असेल, तर तिच्या मुळाशी दोन बोटांनी केस पकडून, त्वचेवर ताण येऊ न देता, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी मोकळी केली जाते. कॉर्नफ्लोअरची चिमूट येथे कामी येते. गाठ नमद्यासारखी घट्ट असेल, तर ती क्लिपरने (केस भादरण्याच्या यंत्राने) त्वचेलगत कापून काढणेच दयेचे ठरते. अशा वेळी कात्री कधीही वापरू नये. मांजराची त्वचा पातळ आणि सैल असते. ती गाठीबरोबर वर ओढली जाते आणि केस समजून कातडीच कापली जाते. घरी झालेल्या अशा जखमांना टाके घालण्याची वेळ येते, आणि ही चूक हौशी मालकांकडूनच अधिक होते.

गुंता पूर्ण सुटल्याशिवाय पाणी लावायचे नाही, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, कारण भिजलेली गाठ वाळताना आणखी आवळते. पाणी मांजराच्या अंगाहून किंचित कमी गरम, म्हणजे सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस, आणि जेमतेम पोटापर्यंत असावे. फवाऱ्याच्या आवाजाने मांजर बिथरते, म्हणून त्याचे तोंड अंगाला जवळजवळ टेकवून धरतात. तोंडावर पाणी ओतत नाहीत. चेहरा ओल्या कापडाने पुसतात. पिसवा असतील तर काही ग्रूमर प्रथम मानेभोवती फेसाचे कडे करतात, म्हणजे त्या डोक्याकडे पळत नाहीत. शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असल्याने, विशेषतः बोक्यांमध्ये, तेथील केस तेलकट राहतात आणि तेवढ्यापुरता वेगळा लेप लावावा लागतो. शॅम्पूचा अंश राहिला, तर मांजर तो चाटून पोटात घेते. त्यामुळे फेस काढण्याला फेस करण्याहून दुप्पट वेळ द्यावा.

वाळवण्याच्या कामात महाराष्ट्राच्या हवेचा विचार करावाच लागतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात टॉवेलाने टिपलेले पर्शियन मांजर ‘आपोआप’ वाळत नाही. बाहेरून कोरडे दिसते, पण आतल्या केसांत ओल राहते, कुबट वास येतो आणि दोन दिवसांत गुंता पुन्हा तयार होतो. म्हणून कोमट व मंद वाऱ्याचा ब्लोअर एका हातात आणि कंगवा दुसऱ्या हातात घेऊन, भाग पाडून, मुळापर्यंत वाळवावे लागते. पिंजऱ्यात बसवून गरम हवा सोडणे सोयीचे वाटले, तरी उष्माघाताच्या शक्यतेमुळे धोक्याचे असते. आपल्या शहरांत ज्यांना ‘पंच फेस’ म्हणतात, त्या चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वासाचा त्रास मुळातच असतो, त्यामुळे त्यांना धोका सर्वाधिक. तुलनेने लांब नाकाच्या ‘डॉल फेस’ मांजराचे डोळेही कमी पाणावतात, आणि नाकाच्या कडेचे तपकिरी डाग पुसण्याचे रोजचे काम हलके होते.

अंगावरचे केस उतरवून मानेभोवतीची आयाळ, पायांचे मोजे आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवण्याच्या पद्धतीला ‘लायन कट’ म्हणतात. गाठींनी पछाडलेल्या मांजरासाठी हा उपाय योग्य आहे. केवळ उन्हाळा आहे म्हणून तो करण्याचे मात्र सबळ कारण नाही. क्लिपरचे पाते काही मिनिटांत तापते, ते वरचेवर हाताला लावून पाहावे लागते. सयामी आणि हिमालयन मांजरांच्या बाबतीत आणखी एक गंमत होते : त्यांच्या केसांचा रंग त्वचेच्या तापमानावर ठरत असल्याने, भादरल्यामुळे गार पडलेल्या भागावर नवे केस गडद रंगाचे उगवतात, आणि पुढची केसगळती होईपर्यंत तो ठिगळासारखा पट्टा राहतो.

धोके : मांजराच्या यकृतात काही रसायने निकामी करणारी वितंचक (एन्झाइम) प्रक्रिया अतिशय दुबळी असते, आणि अंगाला लागलेले सर्व काही ते चाटते. त्यामुळे कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील औषधांतील परमेथ्रिन मांजराला झटके आणून मारू शकते. घराघरांत असणारे, पाण्यात टाकताच दुधाळ होणारे क्लोरोझायलेनॉलयुक्त जंतुनाशक आंघोळीच्या पाण्यात ‘दोन थेंब’ घालण्याची आपल्याकडील सवय आणि टी-ट्री तेल, हेही तितकेच टाळले पाहिजे. दुसरा धोका गजकर्णाचा. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी ब्रश, क्लिपर आणि टॉवेल यांमार्फत एका मांजराकडून दुसऱ्याकडे, आणि माणसांकडेही जाते. पर्शियन जात तिला विशेष बळी पडते. म्हणून प्रत्येक मांजरानंतर अवजारांवरील केस काढून ती धुऊन निर्जंतुक करणे ही दुकान पारखण्याची चांगली कसोटी आहे.

भेदरलेले मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, की काम अर्धे असले तरी थांबवतात. पर्शियन आणि मेन कून या जातींत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार आढळतो व तो बाहेरून दिसत नाही. ताणामुळे तो एकाएकी उफाळू शकतो. शांत करणारे औषध देण्याचा निर्णय पशुवैद्यकाचाच असतो, आणि भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक आहे. ग्रूमरसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. प्रमाणपत्र खासगी संस्थांचे असते, त्यामुळे काम चालू असताना मालकाला पाहू देणारी जागा निवडणे श्रेयस्कर. घरी येऊन काम करणारे ग्रूमर आणि फिरत्या गाड्या यांत प्रवासाचा ताण व इतर प्राण्यांचा वास टळतो, हा त्यांचा मोठा लाभ.

मांजराची ॲलर्जी असणारे लोक पुष्कळदा त्यावर तोड म्हणून आंघोळीची मागणी करतात. ॲलर्जीस कारण होणारे फेल डी १ हे प्रथिन केसांचे नसून लाळ व तेलग्रंथींत तयार होते. धुतल्याने ते कमी होते, परंतु सुमारे आठवडाभरात पूर्ववत होते. पिल्लाला कंगवा, ब्लोअरचा दूरचा आवाज आणि पंजे दाबून घेणे यांची ओळख लहानपणीच करून दिली, तर पुढे ते ही कामे कमी विरोधाने सहन करते. दोन ते सात आठवडे हा वयाचा काळ त्यासाठी सर्वांत अनुकूल असतो. बहुतेक पिल्ले नव्या घरी येतात ती हा काळ उलटल्यावरच, म्हणून ही पहिली ओळख पैदास करणाऱ्याच्या घरीच घडावी लागते.