पोर्टेबल एसी म्हणजे कूलर नव्हे! भाड्याने नेण्याआधी एवढं वाचा

एप्रिल लागला की दुपारी दोन ते चारमध्ये आमचा फोन वाजतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, तुमचा एसी नुसती हवा फेकतो, थंड काही करत नाही." आमचा माणूस भर उन्हात इतवारीतून मानेवाड्याला जातो आणि बहुतेक वेळा तेच दिसतं. एसी चालू, त्याचा जाड पाइप खिडकीबाहेर आणि खिडकी सताड उघडी. तो खिडकी लावून, फटीत चादर कोंबून परत येतो. एसी बदलावा लागत नाही.

यात तुम्हाला दोष देत नाही. नागपुरात आपण सगळे कूलरवर वाढलो आणि कूलरला खिडकी उघडीच लागते. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत येते, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते. एसीचं अगदी उलटं. तो खोलीतलीच हवा थंड करतो आणि तिच्यातली उष्णता पाइपातून बाहेर टाकतो. आता नीट लक्ष द्या. एका पाइपाच्या मशीनमध्ये बाहेर जाणारी गरम हवासुद्धा खोलीतलीच असते. जेवढी गेली तेवढी कुठून तरी आत येणार. खिडकी उघडी असेल तर ती थेट गच्चीवरची, 45 अंशांची येते. खिडकी बंद असेल तर दाराखालच्या फटीतून येते. म्हणून गच्चीकडचं, रस्त्याकडचं दार पक्कं लावा आणि हवा यायचीच तर ती आतल्या खोलीतून येऊ द्या. ती निदान सावलीतली असते.

काही जण कूलर आणि एसी दोन्ही लावतात. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो. एसीची टाकी भरते, मशीन आपोआप थांबतं आणि फोन पुन्हा आम्हालाच! त्यापेक्षा छताचा पंखा लावा.

पाइप साधारण पाच फुटांचा येतो, तो तेवढाच ठेवायचा. दुसरा जोडून लांबवू नका, पलंगाखाली गुंडाळून ठेवू नका, माळ्यावर किंवा न्हाणीघरात सोडू नका. तापलेला पाइप खोलीतच शेगडीसारखा असतो, म्हणून जितका आखूड आणि सरळ तितका बरा.

सरकत्या काचेच्या खिडकीसाठी पट्टी आम्ही सोबतच देतो. गजांच्या जुन्या लाकडी खिडकीला ती बसत नाही. तिच्यासाठी मापाचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) कापून, पाइपापुरतं गोल भोक पाडून देतो. याचे पैसे वेगळे का, असं काही जण विचारतात. तो बोर्ड तुमच्याच खिडकीचा असतो, दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तुम्हाला फुकटात कामी येतो.

खरं सांगायचं तर भिंतीला भोक पाडायची परवानगी असेल तर भिंतीवरचा स्प्लिट एसीच घ्या, तेवढ्याच टनात तो जास्त थंड करतो. आमचं मशीन भाड्याची खोली, लहान गाळा, पेपरच्या दिवसांतली अभ्यासाची खोली यांसाठी. टिनाच्या शेडखाली नेणार असाल तर वरून आधी सावलीची सोय करा.

एक टनाचं मशीन साधारण 1200 ते 1400 वॅट खातं. 16 अँपियरच्या पॉइंटलाच लावा. मोबाइलच्या चार्जरसाठी असलेला एक्स्टेन्शन बोर्ड वितळलेला आम्ही पाहिला आहे.

ताडोबा, पेंचकडे कॅम्पर व्हॅन घेऊन जाणारेही आता एसी मागतात. देतो, पण मुक्कामी 230 व्होल्टचा पॉइंट आहे का ते आधी विचारतो. बॅटरीवर जमत नाही. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपियर-तास) बॅटरीत 1800 वॅट-तास असतात. साध्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे पाऊण तासही धड चालणार नाही. जनरेटर असेल तर व्हॅनपासून लांब, वाऱ्याने धूर व्हॅनपासून दूर जाईल अशा बाजूला ठेवा. एसी आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा फटींतून बाहेरचं सगळं ओढून घेतो, धूरसुद्धा, आणि झोपेत तो कळत नाही. प्रवासात मशीन उभंच बांधा. आडवं झालंच तर उभं करून तीन-चार तासांनी सुरू करा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला वेळ लागतो.

एसीची जाळी (फिल्टर) दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. बंद केल्यावर लगेच चालू केलं तर तीन मिनिटं थंड हवा येत नाही. तो बिघाड नाही.

मशीनमध्ये दोष निघाला तर चकरेचे पैसे घेत नाही, त्याच दिवशी बदलून देतो. नुसती उघडी खिडकी बंद करायला आलो तर 200 रुपये. 25 मेपासून नवतपा (सर्वात तापलेले नऊ दिवस), तेव्हा दुकानात एकही मशीन उरत नाही. 10 मेपर्यंत सांगून ठेवा आणि सांगताना खिडकीचा फोटो नि लांबी-रुंदी पाठवा.