टूथपेस्टने बोटीच्या लाइटची काच नवी होते का? नाही होत

बोटीच्या नेव्हिगेशन लाइटची (अंधारात इतरांना बोट कळावी म्हणून लावलेल्या दिव्याची) प्लास्टिकची काच पिवळी, दुधाळ झाली की टूथपेस्ट घासा, नव्यासारखी होईल, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. घासल्यावर चकाकते हे खरंय, म्हणूनच लोकांना पटतं. पण तो पिवळेपणा म्हणजे मळ नाहीये हो! उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी प्लास्टिकचा वरचा थरच खराब झालेला असतो, टूथपेस्टमधल्या बारीक कणांनी तो थोडा खरवडला जातो आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं, त्याला उन्हापासून काहीच संरक्षण नाही, म्हणून काच परत पिवळी पडते.

नीट करायचं तर काच काढून घ्या, पाणी लावत ८००, मग १००० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मधे काच आणखीच पांढुरकी दिसेल, घाबरू नका, प्लास्टिक पॉलिशने ती साफ होते. शेवटी यूव्ही रोखणारा, त्या प्लास्टिकला चालणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचाच, तो टाळला तर सगळी मेहनत वाया. आणि थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको, त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

भेगा आत गेल्या असतील किंवा लाल-हिरवा रंगच उडाला असेल तर सरळ काच बदला. १९७२ च्या कोलरेग्ज, म्हणजे समुद्रातल्या टकरी टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान बोटीचासुद्धा साइडलाइट (डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा दिवा) १ सागरी मैलावरून दिसायला हवा. अंधारात समोरच्याला तुमची डावी बाजू कुठली, उजवी कुठली, हे फक्त त्या रंगावरूनच कळतं.