सरपंचबाईंचा अधिकार आणि गावातल्या बायकांचं बळ

बाई सरपंच झाली म्हणजे गावातल्या बायकांना बळ मिळालं, असं आपण धरून चालतो. पण सरपंचबाई स्वतःचा अधिकार वापरतात का, हा एक प्रश्न झाला. त्यामुळे इतर बायका बोलायला, ठरवायला लागल्या का, हा वेगळाच. एकाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही', अशी गावं पुष्कळ.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. आरक्षणाने खुर्ची मिळते, अधिकार मात्र रोज वापरावा लागतो. मासिक सभा चालवणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं, काम जागेवर जाऊन बघणं आणि मगच बिलावर सही करणं. नवऱ्याने बोट ठेवलं तिथे सही होत असेल, तर सरपंच तोच. "बाईंना लिहिता-वाचता येत नाही" ही सबब मला पटत नाही. कागद मोठ्याने वाचून घ्यायचा, कळेपर्यंत विचारायचं, तोवर सही थांबवायची. हे निरक्षर बाईलाही जमतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि ती कर्तबगार सरपंचालाच जड जाते. नळ बंद पडला, बाईंकडे जा. रेशन अडलं, बाईंकडे जा. बाई धडाडीने कामं करतात, गाव कौतुक करतं, पण बाकीच्या बायका अर्जदारच राहतात. पाच वर्षांनी आरक्षण फिरतं, बाई पायउतार होतात आणि गावातल्या बायका पुन्हा होत्या तिथेच.

यावर उपाय कायद्यातच आहे. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. अनेक ठिकाणी ती रजिस्टरातच भरते, सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. ती खरी भरवायची तर बायका शेतातून परतल्यावरची वेळ धरा, विषय आधी कळवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथला ठराव ग्रामसभेत सरपंचांनी मांडू नये. ज्या बाईने विषय काढला, तिनेच उभं राहून तो वाचावा. ती अडखळली तरी चालेल, सरपंचांनी मध्ये बोलू नये. गोंगाट झाला तर सभा शांत करावी. अध्यक्षपद इथेच खऱ्या अर्थाने कामी येतं.

दारूबंदीच्या मतदानात हा फरक लख्ख दिसतो. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. हे निम्मं यादीत नोंदलेल्या सगळ्या महिला मतदारांचं, नुसत्या मतदानाला आलेल्यांचं नव्हे. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या पथ्यावर पडते. सरपंचबाई कितीही खंबीर असोत, त्यांचं मत एकच. घरच्यांचा विरोध झेलून केंद्रापर्यंत येण्याचं धैर्य शेकडो बायकांना एका दिवसात येत नाही. ज्या बाईने आधीच्या ग्रामसभेत पाण्याचा ठराव स्वतः वाचलेला असतो, ती त्या दिवशी शेजारणीलाही सोबत घेऊन येते.